माईक नंतर घ्या, आधी गाळा ऐका

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३४, राहायला ऐरोलीत. साउंड इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करून ११ वर्षं अंधेरीतल्या स्टुडिओंमध्ये काम करतो. आधी असिस्टंट होतो, आता डबिंग रेकॉर्डिस्ट आणि संवादांचं एडिटिंग. ठाण्याला गाडी बदलून घाटकोपर, तिथून मेट्रो; घरी पोहोचेपर्यंत चार वर्षांची मुलगी झोपलेली असते. ऐरोलीतच एका सोसायटीच्या तळमजल्यावर १२ बाय २० फुटांचा गाळा २४,००० रुपये भाड्याने मिळतोय. रबाळे एमआयडीसीत त्याहून मोठा, पत्र्याच्या छताचा गाळा १८,००० ला आहे. स्वतःचे ८ लाख जमवलेत, मेव्हणे भागीदार म्हणून ४ लाख घालायला तयार आहेत. यादी अशी: माईक २ लाख ९० हजार, मॉनिटर स्पीकर १ लाख २० हजार, इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) १ लाख १० हजार, कॉम्प्युटर १ लाख ६० हजार, फोम आणि इंटिरिअर दीड लाख, डिपॉझिट दीड लाख, उरलेले पहिल्या सहा महिन्यांसाठी. बायको म्हणते नोकरी सोडू नका. ऐरोलीच्या मालकाला रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय. 'ठाणे–नवी मुंबईत मुंबईच्या तोडीचा स्टुडिओ उभा केला तर इथली माणसं अंधेरीला कशाला जातील? गाळा कुठला घेऊ आणि माईक कुठला?'

नमस्कार.

तुमच्या पत्रात सामानाची यादी अर्धं पान आहे आणि गिऱ्हाइकाचा उल्लेख एका ओळीत. म्हणून माईकच्या प्रश्नाचं उत्तर बरंच खाली येईल. आधी हिशेब.

भाडं २४,०००. एसी धरून व्यावसायिक दराची वीज ६,००० म्हणू. इंटरनेट, सफाई, किरकोळ दुरुस्ती ४,०००. झाले ३४,०००. घरखर्चाला महिन्याला ४०,००० लागतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे स्टुडिओतून दरमहा ७४,००० यायला हवेत. तुम्ही ठरवलेल्या तासाला ५०० रुपये दराने हे १४८ तास होतात. महिन्याला २५ दिवस उघडलंत तर रोज सहा तास. आणि हे फक्त बिलाचे तास. गायक उशिरा येतो, 'हेडफोनमध्ये माझा आवाज जरा वाढवा' यात वीस मिनिटं जातात, फाइली काढून, नावं घालून पाठवायच्या असतात. सहा तासांचं बिल करायला दहा तास हजेरी द्यावी लागते. मुलगी तेव्हाही झोपलेलीच असेल, फरक एवढाच की तुम्ही ऐरोलीत असाल.

यादीतली खरेदी झाली की हातात २ लाख २० हजार उरतात. सहा महिन्यांचं भाडं त्यातून निघतं हे खरं, पण तुम्ही त्यात स्वतःचा पगार धरलेलाच नाही. तो धरला आणि काम आलंच नाही, तर तिसरा महिना संपता संपता पैसे संपतात.

आता 'अंधेरीला कशाला जातील' याबद्दल. इथे चांगला स्टुडिओ नाही म्हणून लोक अंधेरीला जात नाहीत. डबिंगचं काम स्टुडिओच्या मागे येत नाही. ते डबिंग दिग्दर्शक, कोऑर्डिनेटर आणि निर्मात्याच्या ऑफिसमागे जातं. ती मंडळी अंधेरी–गोरेगाव पट्ट्यात बसतात, आवाजाचे कलाकार एका दिवसात तिथले तीन स्टुडिओ उरकतात. तुमच्याकडे कितीही महागडा माईक असला तरी त्यांना ऐरोली वाटेवर नाही. तेव्हा अंधेरीचं काम इकडे ओढून आणायचा बेत सोडा. जे आजही अंधेरीला जात नाहीत, त्यांची यादी करा.

ती यादी लहान नाही. दिवा–डोंबिवलीपासून पनवेल–उरणपर्यंतची आगरी-कोळी गाणी घ्या: लग्नसराईआधी हळदीची, चैत्रातल्या यात्रेआधी एकवीरा आईची, आषाढ-श्रावणात गणपतीची. १४ एप्रिलच्या आधीचा महिना भीमगीतांचा. या गाण्यांचं वाद्यांचं काम बहुतेक वेळा अरेंजर घरीच कॉम्प्युटरवर करून आणतो. स्टुडिओत लागतो तो गळा, कोरस आणि अधूनमधून ढोलकी. मग एकांकिका आणि राज्य नाट्य स्पर्धेचे संघ. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह, वाशीचं भावे नाट्यगृह इथे प्रयोग करणाऱ्या हौशी संघांना पार्श्वसंगीत आणि आवाजांचे तुकडे व्यवस्थित कापून, कुठला तुकडा कधी वाजवायचा त्याचे क्यू क्रमांक घालून हवे असतात, आणि ते करून देणारा नेमका माणूस त्यांना सापडत नाही. शाळांची गॅदरिंगं, कीर्तनकार, भजनी मंडळं, डॉक्टर-वकिलांचे पॉडकास्ट, निवडणुकीत रिक्षावरचा प्रचार. यातलं काही तुम्हाला हलकं वाटेल. पण भाडं यातूनच निघेल.

आणि तुमचा खरा हातखंडा आहे बोललेल्या आवाजाचं काम. ऑडिओबुकचंच बघा. ऑडिबलसाठी पुस्तकं घेणाऱ्या एसीएक्सच्या अटी ठरलेल्या आहेत: आरएमएस (म्हणजे आवाजाची सरासरी पातळी) उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वोच्च पातळी उणे ३ च्या वर नाही, शांततेतला आवाज उणे ६० किंवा त्याखाली, ४४.१ किलोहर्ट्झ, किमान १९२ केबीपीएसची एमपी३, प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये. मराठी पुस्तकं इतर ठिकाणी जातात तिथल्या अटी थोड्या वेगळ्या असतात, पण या आकड्यांत बसणारं काम सहसा कुठेही अडत नाही. या कामाला मोठा हॉल लागत नाही. लागते एक छोटी, खरोखर शांत खोली आणि अकरा वर्षांचे कान.

म्हणून रविवारी मालकाला 'हो' म्हणू नका, असं माझं मत आहे. दोन दिवसांसाठी किल्ली मागा. किल्ली द्यायला जो मालक तयार नाही, तो पुढे भिंतीला भोक पाडायलाही परवानगी देणार नाही.

त्या दोन दिवसांत करायचं ते असं. लॅपटॉप, इंटरफेस आणि कुठलाही कंडेन्सर माईक (बारीकसा आवाजही टिपणारा, स्टुडिओतला) घेऊन जा. माईकपासून वीतभर अंतरावर नेहमीच्या आवाजात बोला आणि गेन (माईकचा आवाज वाढवायची खुंटी) असा लावा की सर्वात मोठा उच्चार उणे १० डेसिबलच्या आसपास जाईल. मग गेनला हात न लावता, तोंड बंद ठेवून एक मिनिट रेकॉर्ड करा. बोलण्याचं आरएमएस आणि शांततेचं आरएमएस यांत किती अंतर पडतं ते लिहून ठेवा. हेच सकाळी सहाला करा (सोसायटीचा पाण्याचा पंप), साडेअकराला (वरच्या घरातला मिक्सर), संध्याकाळी सहाला (खाली खेळणारी मुलं) आणि रात्री अकराला. रात्रीची नोंद महत्त्वाची, कारण तेव्हा जे उरतं ते कायमचं असतं: ट्रान्सफॉर्मर, लिफ्टची मोटर, ठाणे–बेलापूर रस्त्यावरचे ट्रक.

एसीएक्सच्या अटीप्रमाणे बोलणं उणे २० वर आणलं की शांतता त्याच्या ४० डेसिबल खाली हवी. रिकाम्या गाळ्यात तेवढं मिळणार नाही. २५ ते ३० मिळालं तर आत बांधलेली खोली उरलेलं भरून काढेल. १५ च्याही खाली असेल तर थांबा, आणि तीच फाइल ८० हर्ट्झच्या हाय-पास फिल्टरमधून (त्याखालचा आवाज तो कापतो) काढून पुन्हा मोजा. अंतर एकदम दहा-बाराने वाढलं तर त्रास खालच्या घरघरीचा आहे. बोलण्याच्या कामात फिल्टर तो सांभाळून नेईल, ढोलकीत नाही. अंतर वाढलंच नाही तर माणसांचा, हॉर्नचा, शेजारच्या दुकानाचा आवाज आहे, आणि त्यावर एवढ्या पैशांत उपाय नाही. मोबाइलवरच्या डेसिबल मीटरवर विसंबू नका; दोन फोन ठेवलेत तर दोन वेगळे आकडे दाखवतात.

वरच्या मजल्यावर काय आहे तेही विचारा. घर असेल तर ठीक. नृत्यवर्ग, जिम, पाळणाघर असेल तर नको. स्लॅबमधून उतरणारा पावलांचा धप्प आवाज थांबवणं हे या धंद्यातलं सगळ्यात खर्चिक काम आहे.

रबाळ्याचा गाळा मनातून काढून टाका. पत्र्यावर पावसाची सर आली की कंडेन्सर माईकसमोर काम बंद, आणि आपल्याकडे हे जूनपासून सप्टेंबरपर्यंत चालतं. शिवाय शेजारचा प्रेस किंवा कॉम्प्रेसर जमिनीतून येतो. त्या छताखाली स्वतंत्र भिंतींवर उभं असलेलं जड छत बांधायला गेलात तर १८,००० चा गाळा २४,००० च्या गाळ्यापेक्षा महाग पडेल. गायिका आणि लहान मुलांचे आईवडील रात्री नऊला एमआयडीसीत यायला तयार होतील का, हा प्रश्न तर आहेच. वाशी–बेलापूरला स्टेशनांवरच्या संकुलांत गाळे स्वस्त दिसले तर तिथेही हीच चाचणी करा, फक्त लोकल जात असताना. नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून उलवे–पनवेल बाजूला बघणाऱ्यांनी आकाशाकडेही कान द्यावा.

तुमच्या आराखड्यात आवाजाची केबिन १० बाय १० आहे आणि गाळ्याची उंचीही १० फूट. हा चौकोनी डबा होतो, आणि आवाजासाठी यापेक्षा वाईट आकार नाही. १० फुटांच्या अंतरात ५६ हर्ट्झला लहर अडकते, तिची दुप्पट ११२. तिन्ही मापं सारखी असली की तिन्ही लहरी त्याच जागी एकावर एक चढतात, आणि ११२ हर्ट्झ म्हणजे पुरुषी आवाजाचा नेमका मूळ सूर. प्रत्येक निवेदक घागरीत तोंड घालून बोलतोय असा ऐकू येईल, आणि तुम्ही महिनोन्महिने इक्वलायझर फिरवत बसाल. आतून साडेदहा बाय सव्वाआठ, उंची नऊ असं ठेवलंत तर त्या लहरी साधारण ५४, ६८ आणि ६२ हर्ट्झवर विखुरतात. आदर्श नाही, पण काम होण्याजोगं. उरलेल्या जागेत तुमचं टेबल आणि दोन खुर्च्या. ढोल-ताशा किंवा पूर्ण वाद्यवृंदाचं काम आलंच तर त्या दिवसापुरता मोठा स्टुडिओ भाड्याने घ्या.

आता फोम. दीड लाखाच्या फोमने बाहेरचा एकही रिक्षावाला गप्प होणार नाही. फोम खोलीतल्या वरच्या पट्टीच्या आवाजाचं परावर्तन कमी करतो, भिंतीपलीकडचा आवाज अडवत नाही. आवाज अडतो तो वजनाने, हवाबंदपणाने आणि दोन भिंती एकमेकींना न टेकल्याने. शिवाय पातळ फोम सगळीकडे चिकटवला की 'स' आणि 'च' मरतात, खालची घुमघुम तशीच राहते आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा वाटतो. स्वस्त पॉलियुरेथेन फोम पेटतो आणि विषारी धूर करतो; एकच दार असलेल्या बंद खोलीत तो छतापर्यंत लावणं धोक्याचं आहे. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याबद्दल तर काही लिहीतच नाही.

खोली अशी बांधा. गाळ्याच्या भिंतीपासून इंचभर सोडून धातूच्या पट्ट्यांचा स्वतंत्र सांगाडा उभा करा. तो जुन्या भिंतीला कुठेही स्क्रूने जोडायचा नाही. सांगाड्यात ४८ किलो घनतेचं ५० मिमी रॉकवूल. आतल्या बाजूने १२.५ मिमी जिप्सम बोर्डचे दोन थर, दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ न देता. कडांना सुकल्यावरही लवचीक राहणारा सीलंट. छत याच आतल्या भिंतींवर बसवा, वरच्या स्लॅबला टांगू नका. गाळ्यात आधीचं फॉल्स सीलिंग असेल तर ते काढून टाका. मध्ये तिसरा थर राहिला की खालच्या पट्टीचा आवाज उलट जास्त येतो. जमीन तळमजल्याची, थेट मातीवरची असेल तर तरंगती फरशी नको, तो खर्च वाचला. बाहेरची भिंत ठोकून बघा. नव्या इमारतींत बऱ्याचदा हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती असतात. तशी निघाली तर रस्त्याकडच्या बाजूला जिप्समचा तिसरा थर द्या.

पीओपीवाला हे काम 'पार्टिशन' समजून करेल. तो दोन ठिकाणी हमखास घोळ घालतो: सांगाडा हलतोय म्हणून जुन्या भिंतीला एक क्लिप मारतो, आणि विजेचे बोर्ड दोन्ही बाजूंनी समोरासमोर कापतो. जिप्सम बोर्डने भिंत बंद व्हायच्या आधी जातीने उभं राहून प्रत्येक पट्टीमागे पातळ पुठ्ठा फिरवून बघा. अडकला तिथे भिंती टेकल्यात. विजेचे डबे शक्यतो भिंतीवर बाहेरून लावा.

दारात सगळी मेहनत वाया जाते. ७ बाय ३ फुटांच्या दाराखाली अर्धा इंच फट राहिली तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम ०.६ टक्के होते, पण तेवढ्यानेच दार २२ डेसिबलच्या आसपासच आवाज अडवतं, मग ते कितीही जड असो. भरीव लाकडाची दोन दारं, मध्ये हवेची पोकळी, चारी बाजूंनी रबरी गॅस्केट आणि खाली दार मिटल्यावर आपोआप खाली उतरणारी पट्टी. तपासणी सोपी: रात्री दिवे घालवून बाहेरून मोबाइलचा टॉर्च चौकटीभर फिरवा. आत उजेडाची रेघ दिसली तिथून आवाज येतोय.

खोली हवाबंद झाली की हवा संपते. दोन माणसं तासाभरात जांभया द्यायला लागतात आणि निवेदकाचा आवाज पडतो. माणशी १५ ते २० सीएफएम (मिनिटाला घनफूट) ताजी हवा धरा. चार इंची इनलाइन पंखा खोलीपासून दूर बसवा आणि हवा नागमोडी पेटीतून आत आणा. त्या पेटीत आतून फोम लावा. एवढ्या कामाला तो उत्तम. एसी एक टनाचा पुरे. टेक सुरू असताना तो बंद ठेवायचा, त्यामुळे सत्रं ४० मिनिटांची पाडा.

आतल्या परावर्तनासाठी चार इंच जाडीचे रॉकवूलचे पॅनल, कापडात गुंडाळून, भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून टांगा. कोपऱ्यांत छतापर्यंत, आणि बोलणाऱ्याच्या मागे. माईक स्वतःच्या मागचं कमी ऐकतो आणि बोलणाऱ्याच्या पाठीमागचं जास्त. बहुतेकजण पॅनल नेमके उलट्या बाजूला लावतात.

विजेचं लवकर उरकतो. एसी आणि ऑडिओची सर्किटं वेगळी, न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या; तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर हम (रेकॉर्डिंगमधली सततची गुणगुण) येऊ शकतो. डिमर लावू नका. मीटरवरचा मंजूर भार एसीला पुरतो का ते भाडेकरारापूर्वी वीजबिलावर बघा. आणि खाडीकाठच्या दमट हवेत कंडेन्सर माईक स्टँडवर रात्रभर सोडलात तर पावसाळ्यात तो तडतडायला लागतो. सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवा, डब्यात दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० वर.

आता तो माईक. तुम्ही लिहिलेल्या न्यूमन यू८७ एआयचा स्वतःचा खरखराट १२ डेसिबल आहे आणि त्याच्या कितीतरी कमी किमतीच्या रोड एनटी१ चा साडेचार. यू८७ वाईट नाही, त्याचा आवाज वेगळा आणि मानाचा आहे. पण तुमची खोली पहिल्या वर्षी ३० डेसिबलच्या आसपास असेल, तिथे हा फरक गिऱ्हाइकाला ऐकू येणार नाही. एक एनटी१ सारखा कंडेन्सर, एक एसएम५८ (गाण्याचा दणकट साधा माईक), एक चांगला दोन चॅनेलचा इंटरफेस, दोन क्लोज्ड-बॅक (आवाज बाहेर न सांडणारे) हेडफोन, पाच इंची मॉनिटर स्पीकर. लॅपटॉप आहे तोच. स्पीकरवर ७५-७६ डेसिबलच्या आसपास ऐकायची सवय लावा. छोट्या खोलीत त्यावर गेलात की खालची पट्टी फसवते आणि कानही थकतात. महागडा माईक एखाद्या गाण्यापुरता लागला तर दिवसाच्या भाड्याने मिळतो.

तर पैशांची वाटणी उलटी करा. ८ लाखांत डिपॉझिट दीड लाख, खोलीसाठी ३ लाख २० हजार, सामान १ लाख ३० हजार, आणि २ लाख हात न लावता बाजूला. खोलीचा आकडा दोन-तीन कोटेशनं घेऊन पक्का करा. वाढला तर सामानातून कापा, बाजूला ठेवलेल्यातून नाही. ते २ लाख म्हणजे गाळ्याच्या ३४,००० च्या खर्चाचे जवळजवळ सहा महिने. अर्थात घरचे ४०,००० दुसरीकडून येत असतील तरच.

ते दुसरीकडून यावेत म्हणून नोकरी 'सोडू की धरू' असा प्रश्नच करू नका. सध्याच्या स्टुडिओत महिन्याच्या पगाराऐवजी दिवसावर काम करायचं बोलणं करा, आठवड्याला तीन दिवस. रात्रीच्या शिफ्टला आणि ऐन वेळच्या कामाला भरवशाचा माणूस त्यांनाही हवा असतो. संवादांचं एडिटिंग घरी करायला मागा. त्याला खोली नाही, हेडफोन आणि बंद दार लागतं. त्यांची गिऱ्हाइकं फोडू नका. धंदा छोटा आहे, आठवड्यात बातमी पोहोचते.

उरलेल्या दिवसांत गाळा नसतानाच स्टुडिओ चालवून बघा. दुसऱ्याचा छोटा स्टुडिओ तासाने घ्या आणि वरच्या यादीतली माणसं तिथे रेकॉर्ड करा. सलग तीन महिने, स्टुडिओचं भाडं जाऊन हातात ३४,००० उरले आणि त्यात निम्मी माणसं दुसऱ्यांदा आलेली असली, की गाळ्याचा करार करा. तोवर हा गाळा गेला तर जाऊ द्या. ऐरोली, घणसोली, कळव्यात तळमजल्याचे गाळे पुन्हा रिकामे होतात. बायकोचं म्हणणं एवढ्यापुरतं बरोबर आहे. कायमचं नाही, कारण एआयने तयार केलेले आवाज साध्यासुध्या डबिंगमध्ये शिरायला लागलेत, आणि 'मी फक्त डबिंग रेकॉर्डिस्ट' म्हणून आणखी दहा वर्षं बसणं जास्त जोखमीचं आहे.

दर तासाने लावू नका. गायकाला घड्याळ दिसलं की सूर जातो, आणि तुमचा हात सफाईदार झाला की तुम्हीच कमी कमावता. गाण्यामागे, तयार तासामागे (म्हणजे अंतिम रेकॉर्डिंगच्या तासामागे), एपिसोडमागे दर सांगा. ऑडिओबुकच्या एका तयार तासाला रेकॉर्डिंगचे किमान दोन तास, दुरुस्त्या आणि एडिटिंगचे तीन-चार धरा. दर सांगण्यापूर्वी निवेदकाकडून पाच पानं वाचून घ्या आणि चुका मोजा. दोन दुरुस्त्या दरात, तिसरीपासून वेगळे पैसे. निम्मी रक्कम आगाऊ, अंतिम फाइल पूर्ण पैसे आल्यावर. तोपर्यंत मध्येच 'बीप' असलेली एमपी३. हे सगळं व्हॉट्सअॅपवर चार ओळींत लिहून घ्या. यूट्यूबवरून उतरवलेल्या कराओकेवर गाणारे बरेच येतील. गाऊ द्या, पण ट्रॅकचे हक्क त्यांच्याकडे नाहीत, गाणं टाकल्यावर क्लेम येऊ शकतो आणि ती जबाबदारी स्टुडिओची नाही, हे लेखी असू द्या.

कागदपत्रांत फार काही नाही. वीसपेक्षा कमी माणसं असली की गुमास्ता (दुकानाची नोंदणी) म्हणजे ऑनलाइन सूचना. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख, तुम्ही पुष्कळ खाली आहात. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र पहिल्या दिवशी करा. ती मोफत आहे, एजंटाला पैसे देऊ नका. तिच्यामुळे कंपनीने ४५ दिवसांपलीकडे बिल अडकवलं तर तक्रारीला जागा मिळते. भाडेकरार किमान ३६ महिन्यांचा करा, नोंदणीकृत, आणि त्यात मालकालाही लॉक-इन (मुदतीआधी करार न मोडण्याची अट) घाला; तीन लाखांची खोली बांधून अकराव्या महिन्यात निघावं लागलं तर जिप्सम बोर्ड खांद्यावर टाकून नेता येत नाहीत. आतलं बांधकाम, भिंतीतलं हवेचं भोक आणि एसीचं बाहेरचं युनिट यांना मालकाची आणि सोसायटीची लेखी परवानगी. निवासी भागात रात्री दहानंतर आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तेव्हा ढोलकी नऊपर्यंत आटपा. गणपती आणि नवरात्रात रस्ताच रेकॉर्डिंग करू देणार नाही. ते दिवस एडिटिंगला ठेवा आणि तारखा देतानाच तसं सांगा.

राहिले मेव्हणे. वरच्या हिशेबात त्यांचे ४ लाख लागतच नाहीत, आणि पहिल्या वर्षी नफा नसलेल्या धंद्यात नात्यातला भागीदार म्हणजे प्रत्येक दिवाळीला हिशेबाचा विषय. ते दुखावतील असं वाटत असेल तर लाखभर रुपये उसने म्हणून घ्या, परत देण्याची तारीख कागदावर लिहा, आणि त्यांच्या लेकीचं गाणं दरवर्षी फुकट रेकॉर्ड करायचं की नाही तेही त्याच बैठकीत ठरवून टाका.